शित्झूचं पिल्लू रात्री क्रेटमध्ये ठेवलं की रडतं, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की पिल्लू ९ आठवड्यांचं आहे, कोल्हापुरात राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, क्रेट (कुत्र्याला झोपवायचा जाळीचा पिंजरा) हॉलमध्ये ठेवलाय. दार लावलं की ते तासभर रडतं आणि घरातले म्हणतात, रडू दे, दोन-चार दिवसांत गप बसेल.

पहिलं काम आज रात्रीच करा. क्रेट हॉलमधून उचला आणि बेडरूममध्ये तुमच्या उशाशी ठेवा, हात खाली सोडला तर जाळीला लागेल इतका जवळ. परवापर्यंत हे पिल्लू आईला आणि भावंडांना चिकटून झोपत होतं. त्याचं रडणं हट्टाचं नाही, एकटं पडल्याच्या भीतीचं आहे. रडू दिलं तर ते दमून गप बसेलही, पण क्रेट म्हणजे भीतीची जागा हे त्याच्या डोक्यात पक्कं बसेल आणि मग दिवसासुद्धा ते आत पाय टाकणार नाही.

क्रेट किती मोठा आहे ते लिहिलेलं नाही. शित्झूला साधारण २४ इंच लांब, १८ इंच रुंद आणि १९ इंच उंच क्रेट मोठेपणीही पुरतो. आत्ता मात्र एवढी जागा जास्त होते, पिल्लू एका कोपऱ्यात शू करून दुसऱ्या कोपऱ्यात आरामात झोपतं. म्हणून मधली आडवी जाळी लावून जागा कमी करा. उभं राहता यावं, वळता यावं, पाय पसरून झोपता यावं, बस्स. जाळीच्या दोन सळ्यांमधलं अंतर इंचापेक्षा कमी असावं, नाहीतर पंजा किंवा जबडा अडकतो. याच कारणासाठी आत ठेवताना गळ्यातला पट्टा काढायचा. बाजारात सशांचे नि कोंबड्यांचे पिंजरे स्वस्तात मिळतात, ते घेऊ नका. त्यांचा तळ जाळीचा असतो, पिल्लाचे पाय त्यात दुखावतात.

आत जाड गादी नको. जुने सुती टॉवेल चार-पाच ठेवा आणि बदलत राहा. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये गादी आठवडाभर वाळत नाही, ओलसर अंथरुणावर पिल्लाला त्वचेचं इन्फेक्शन होतं. आजीची गोधडी मायेनं आत घालू नका, सुटलेले दोरे पिल्लू गिळतं आणि ते आतड्यात अडकले तर थेट ऑपरेशन. फरशी गार असते, म्हणून क्रेटच्या खाली सतरंजी दुमडून घाला. वरून पातळ सुती चादर टाकली तर तीन बाजू झाका, दाराची बाजू मोकळी ठेवा. शित्झूचं नाक चपटं, उन्हाळ्यात हवा कोंडली तर त्याला धाप लागते. एप्रिल-मेमध्ये चादर काढूनच टाका आणि पंख्याचा वारा आत येतो का ते बघा.

आता दिवसाचं. रात्रीची शांतता दिवसाच कमवावी लागते आणि सगळ्यात जास्त घाई इथेच होते. पहिले दोन दिवस दार उघडंच ठेवा, चारही जेवणं क्रेटमध्ये द्या. वाटी आधी दाराशी, मग मध्ये, मग पार मागे. पिल्लू न बिचकता मागपर्यंत जायला लागलं की खाताना दार नुसतं लोटा आणि खाणं संपायच्या आधी उघडा. मग कडी लावून अर्धा मिनिट, एक मिनिट, पाच मिनिटं. तुम्ही शेजारी बसा, मग उठा, मग खोलीबाहेर जाऊन लगेच परत या. कुठल्याही पायरीवर रडायला लागलं तर तुम्ही एक पायरी घाईनं चढलात, मागच्या पायरीवर या. खेळून पेंगायला लागलेलं पिल्लू उचलून आत ठेवणं हा उत्तम मुहूर्त. चूक केली म्हणून शिक्षा म्हणून कधीही आत कोंडू नका.

खाण्याच्या वेळेबद्दल एक चुकीचा सल्ला फार फिरतो: संध्याकाळी सहालाच जेवण उरकून टाका, म्हणजे रात्री शी नको. छोट्या जातीच्या पिल्लाला हे धोक्याचं आहे. फार वेळ पोट रिकामं राहिलं तर रक्तातली साखर उतरते. पिल्लू लुळं पडतं, झोकांड्या खातं, थरथरतं. असं दिसलं तर हिरड्यांना मध किंवा साखरेचं पाणी चोळा आणि त्याच क्षणी डॉक्टरांकडे न्या. म्हणून शेवटचं जेवण साडेआठ-नऊला द्या आणि पाणी झोपायच्या तासभर आधी उचला. उन्हाळ्यात तेही उचलू नका. आणि रात्रीचं दूध बंद. गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणाऱ्या कोल्हापूरकरांना हे पटत नाही, पण गाई-म्हशीचं दूध बहुतेक पिल्लांना पचत नाही, पहाटे पातळ शी होते आणि आपण दोष क्रेटला देतो. रश्श्यातलं मटण धुऊनही नको, कांदा-लसूण कुत्र्याला विषारी आहे.

मूत्राशयाचा ढोबळ हिशेब असा: वय जितके महिने, त्यात एक मिळवा, तितके तास दिवसा शू धरता येते. छोट्या जातीला त्याहून थोडं कमीच. झोपेत मात्र तीन-चार तास निघतात. म्हणजे अकराला शू करवून झोपवलंत तर अडीचला आणि पुन्हा साडेपाचला गजर लावा. रडायच्या आधी तुम्ही उठायचं, म्हणजे रडलं की दार उघडतं हे गणित त्याला शिकायला मिळत नाही. ट्यूबलाइट लावू नका, बोलू नका. उचलूनच न्या, चालवलंत तर वाटेतच करेल. पाच मिनिटांत केली नाही तर परत आत. लागोपाठ तीन रात्री गजराच्या वेळी टॉवेल कोरडा मिळाला की गजर वीस मिनिटं पुढे ढकला.

न्यायचं कुठे? खाली रस्त्यावर अजिबात नाही. लसी साधारण ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू होतात, दर तीन-चार आठवड्यांनी, १६ आठवडे होईपर्यंत. तोवर गल्लीतल्या कुत्र्यांच्या जागेवर पार्व्हो या विषाणूच्या रोगाची भीती असते आणि तो विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. रंकाळ्यावर फिरवणं नंतर. आत्ता गॅलरीत ट्रे ठेवा, त्यात पॅड किंवा कृत्रिम गवत. चुकून फरशीवर झाली तर फिनेल नको. व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून पुसा, वास गेला नाही तर पिल्लू पुन्हा तिथेच करतं.

एवढं करूनही रडलं तर कधी रडतंय ते बघा. आत ठेवल्या ठेवल्या कुरकुर करत असेल तर जाळीशी हात ठेवा, गप पडून राहा, बहुतेक पिल्लं पाच-दहा मिनिटांत झोपतात. झोपेतून उठून रडत असेल तर शू आहे, लगेच न्या. लाळ गळतेय, जाळी चावतंय, आवाज चढतच चाललाय, तर ते सहन होण्यापलीकडचं आहे. दोन-तीन सेकंदांची उसंत मिळाली की दार उघडा, त्या रात्री क्रेटचं दार उघडं ठेवून भोवती प्लेपेन (घडीचं जाळीचं कुंपण) लावा आणि दिवसाचा सराव पुन्हा पहिल्या पायरीपासून घ्या. पलंगावर मात्र घेऊ नका, शित्झूच्या पिल्लाचं हाड पलंगावरून उडी मारल्यानेही मोडू शकतं.

घरात सगळ्यांशी आधी बोलून घ्या. तुम्ही गजर लावून उठताय आणि आजोबा पहिल्या कुईं-कुईंला दार उघडून मांडीवर घेतात, असं असेल तर महिनाभरानेही फरक दिसणार नाही.

चार-पाच महिन्यांचं झालं की बहुतेक पिल्लं सहा-सात तास सलग झोपतात. क्रेट हॉलमध्ये हवाच असेल तर तेव्हा हलवा: आधी खोलीच्या दाराशी, मग दाराबाहेर, मग हॉलमध्ये, प्रत्येक ठिकाणी तीन-चार शांत रात्री गेल्यावरच पुढे. गणपतीच्या मिरवणुका किंवा दिवाळीचे फटाके तोंडावर आले असतील तर ते संपेपर्यंत क्रेट तुमच्या उशाशीच राहू द्या.