घरात वेगळा केलेला कचरा गाडीत एकत्रच होत असेल, तर वेगळा कशाला करायचा?

तुम्ही ओला-सुका वेगळा ठेवता आणि गाडीत दोन्ही डबे एकावर एक रिकामे होताना पाहिलेत, म्हणून विचारताय की ही मेहनत फुकट जाते का. मी आठ वर्षं सुक्या कचऱ्याच्या वर्गीकरण केंद्रात पट्ट्यापाशी उभा राहून काम केलंय, त्यामुळे गाडीच्या पलीकडे काय होतं ते सांगतो.

एकत्र झालं की नुकसान होतं, हे खरं आहे. त्याबद्दल तक्रार जरूर करा. पण नुकसान सगळ्याच वस्तूंचं सारखं होत नाही. पहिला बळी कागदाचा. कागद पुन्हा करायचा म्हणजे तो पाण्यात घुसळून त्याचे तंतू सुटे करायचे. उरलेल्या अन्नाचं तेल त्या पाण्यात विरघळत नाही, तंतूंना चिकटून बसतं. एकदा पुठ्ठ्याची गासडी सोडली, तर वरून खडखडीत कोरडी आणि आत हात घातला तर कोमट, काळी बुरशी. कुणीतरी एक ओली पिशवी मध्ये कोंबली होती. अख्खी गासडी परत आली. कागदाचा तंतू तसाही दर फेरीला आखूड होत जातो, पाच-सात फेऱ्यांत संपतो. त्यातली एक फेरी अशी गेली की फार वाईट वाटतं.

अ‍ॅल्युमिनियमचा डबा मात्र माखलेला असला तरी आम्ही उचलतोच. खनिजापासून नवं अ‍ॅल्युमिनियम करण्यापेक्षा तो वितळवायला सुमारे ९५ टक्के कमी ऊर्जा लागते. काचही चालते, फक्त तिच्यात फुटक्या कपबशा टाकू नका. काच वितळते त्या तापमानाला चिनी माती वितळत नाही, नव्या बाटलीत खडा राहतो.

प्लास्टिकबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. तळाशी बाणांच्या त्रिकोणात आकडा असतो, तो पाहून लोक निर्धास्त होतात. १९८८ साली सुरू झालेले हे आकडे प्लास्टिक कुठल्या जातीचं एवढंच सांगतात. पाण्याच्या बाटलीचा १ आणि शाम्पूच्या डब्याचा २, यांना सहसा गिऱ्हाईक मिळतं. चकचकीत पाकिटात प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते आम्हाला सोडवता येत नाहीत. ३ म्हणजे पीव्हीसी. १ नंबरसारखंच तेही पाण्यात बुडतं, त्यामुळे धुण्याच्या टाकीत निवडता येत नाही, आणि भट्टीत आम्ल सोडून सगळा माल पिवळा पाडतं. २०१५ पर्यंत जगात झालेल्या प्लास्टिकच्या कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्क्यांचाच पुनर्वापर झाला. पट्ट्यापाशी उभं राहिलं की हा आकडा अजिबात खोटा वाटत नाही.

आता तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. सुक्या कचऱ्याला घाई नसते. डबे-बाटल्या विसळून, निथळवून, कागद वेगळा बांधून पंधरा दिवस कोपऱ्यात ठेवला तरी वास येत नाही. तो गाडीत टाकूच नका. भंगारवाल्याला द्या, नाहीतर थेट संकलन केंद्रावर नेऊन पोचवा. रोज बाहेर काढावा लागतो तो ओला. जमत असेल तर त्याचं घरीच खत करा: ओल्याबरोबर वाळका पालापाचोळा घाला आणि अधूनमधून खालीवर करा, म्हणजे हवा खेळती राहते. हाच ओला कचरा डेपोच्या ढिगात हवेविना दबला की मिथेन सोडतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीसेक पट उष्णता धरून ठेवतो. शिवाय ढिगातून झिरपणारं काळं पाणी जमिनीत मुरतं ते वेगळंच.

आणखी एक, कळकळीने सांगतो. चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या कुठल्याच डब्यात टाकू नका. गासडी दाबताना अशीच एक चेपली आणि ढिगातून पांढरा धूर यायला लागला. माझ्या शेजारी काम करणारी बाई तेव्हा हातभर अंतरावर होती. बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावून त्या वेगळ्या ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्यांच्या हातातच द्या.