द्राक्षाचा स्वतःचा कंटेनर भरताय? हे बघून घ्या

दिंडोरी तालुक्यातल्या एका शेतकरी गटाचा प्रश्न आलाय, यंदा व्यापाऱ्याला न देता आमचाच कंटेनर नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदराला पाठवतोय, भरताना काय बघायचं आणि तिकडं माल मऊ निघाला तर जबाबदार कोण?

मंडळी, पहिली गोष्ट म्हणजे रीफर (गार ठेवणारा कंटेनर) माल गार करत नाही, गार झालेला माल फक्त गार ठेवतो. त्यामुळं घड काढले की चार-सहा तासांत प्रीकूलिंगला, म्हणजे आधी गार करायला, गेलेच पाहिजेत, आणि लोडिंगच्या वेळी मण्यात थर्मामीटर खुपसून बघा, शून्य ते एक डिग्री आलं तरच पेट्या आत घाला. मधल्या पॅलेटमधली पेटी काढून बघा बरं का, कडेची लवकर गार होते आणि फसवते. दार उघडं असताना मशीन बंद ठेवायला सांगा, नाहीतर बाहेरची दमट हवा आत ओढली जाऊन कॉइलवर बर्फ धरतो.

रीफरमध्ये गार हवा खालून, फ्लोअरच्या पन्हाळ्यांतून येते आणि वरून परत जाते, म्हणून आतल्या भिंतीवरच्या लाल रेषेच्या वर एकही पेटी नको आणि दाराजवळ फ्लोअर मोकळा राहिला तर तो पुठ्ठ्यानं झाकून घ्या, नाहीतर हवा तिथूनच वर निघून जाते आणि मधला माल तापतो. लाकडी पॅलेटवर आयएसपीएम 15 चा (लाकडात कीड राहू नये म्हणून प्रक्रिया केल्याचा) शिक्का हवाच. प्रत्येक पेटीत ग्रेपगार्ड (बुरशी रोखणारा सल्फर डायऑक्साइडचा पॅड) लागला का ते स्वतः उभं राहून बघा, मजुरांवर सोडू नका.

आता जबाबदारीचं. दार लावून सील ठोकलं की आत काय आणि कसं भरलंय हे शिपिंग लाइनला (जहाज कंपनीला) माहीत नसतं, बिल ऑफ लेडिंगवर (लाइननं दिलेल्या मालाच्या पावतीवर) तसं लिहूनच येतं की माल भरला आणि मोजला तो पाठवणाऱ्यानं. म्हणजे पॅकिंग तुमचं, मशीन आणि टेंपरेचर त्यांचं. भांडण झालं तर कागदच बोलतो, म्हणून लोडिंगचे फोटो, मण्यांचं टेंपरेचर, सील नंबर, सेट पॉइंट (मशीनला लावलेलं टेंपरेचर) सगळं लिहून ठेवा आणि दोन डेटा लॉगर (टेंपरेचर नोंदवणारी छोटी यंत्रं) आत टाका, एक पुढं एक दाराशी, खर्च फार नाही. सील नंबर बिलावर तोच आला का ते ताडून बघा. वजनाचं व्हीजीएम (भरलेल्या कंटेनरचं तपासलेलं वजन) दिल्याशिवाय कंटेनर जहाजावर चढत नाही, 2016 पासून तसा नियमच आहे, तेव्हा न्हावा शेवाच्या कटऑफच्या (शेवटच्या मुदतीच्या) आधी ते गेलं पाहिजे.

जहाज आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाणार असेल तर प्रवास बराच लांबतो, बुकिंग करतानाच रूट विचारा आणि तसा टणक, हिरव्या देठाचाच माल निवडा. आणि खरेदीदाराकडून सौद्यातच लिहून घ्या की कंटेनर उघडल्या दिवशी सर्व्हे (मालाची तपासणी) होईल, कारण वरून न दिसणारं नुकसान असेल तर डिलिव्हरीपासून 3 दिवसांत लाइनला लेखी कळवावं लागतं.