टिपण, टिप्पणी आणि चोच

प्रश्न असा आहे: अठराव्या शतकात स्कॉटलंडमध्ये कायद्याची व्याख्याने ऐकताना विद्यार्थ्यांनी हाताने लिहिलेल्या वह्यांना ‘हस्तलिखित टिप्पण्या’ म्हणावे का? की सरळ ‘नोट्स’?

टिप्पण्या मुळीच नाही! हा शब्द हल्ली कुठेही चिकटवतात आणि दर वेळी मला खटकतो. टिप्पणी म्हणजे दुसऱ्याच्या मजकुरावरचे भाष्य. मंत्रालयातला अधिकारी फायलीवर टिप्पणी लिहितो, ते बरोबर. वर्गातला मुलगा भाष्य करत नाही, तो टिपून घेतो. त्याचे ते टिपण, अनेकवचनी टिपणे.

‘टिपण हा संस्कृत टिप्पणाचा अपभ्रंश’ हे मत मला साफ अमान्य आहे. ट-ने सुरू होणारे शब्द जुन्या संस्कृतात मोजकेच. त्यांतले पुष्कळसे लोकभाषांतून वर गेलेले. आपल्याकडे मात्र सगळे कुटुंब नांदते आहे: टिपूस, ठिपका, टीपकागद, चिमणीचे दाणे टिपणे, पदराने डोळे टिपणे. सगळीकडे एवढासा थेंब नाहीतर दाणा, आणि तो नेमका उचलणे. माझ्या मते टिपणाचे मूळ त्या चोचीतच आहे. अंगणात पसरलेल्या धान्यातून चिमणी सगळे उचलत नाही, दाणा निवडते. व्याख्यान ऐकणाराही तेच करतो. शिवणातली टीपही मी याच घरात बसवतो, कोणी काही म्हणो.

म्हणूनच स्कॉटलंडमध्ये जपून. सतराव्या शतकात तिथले अध्यापक लॅटिनमध्ये मजकूर सांगत आणि मुले शब्दन् शब्द उतरवत. त्या वह्यांना ‘डिक्टेट्स’ म्हणत. ते श्रुतलेखन झाले, टिपण नव्हे. अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथच्या ग्लासगोतल्या न्यायशास्त्राच्या व्याख्यानांची १७६२-६३ची वही १९५८मध्ये सापडली. तिच्यात मजकूर उजव्या पानावर आहे. डावी पाने बहुतेक कोरी, मधूनमधून नंतरची भर. स्मिथने मृत्यूपूर्वी, १७९०मध्ये, आपले बहुतेक हस्तलिखित कागद जाळायला लावले, त्यामुळे त्या वर्गात तो काय बोलला हे आज अशा वह्यांतूनच कळते. तरी इतकी नीटनेटकी वही म्हणजे टिपणांवरून घरी तयार केलेली प्रत.

कादंबरीकार वॉल्टर स्कॉट तर स्वतःच सांगतो. एडिंबरात स्कॉटलंडचा कायदा शिकवणारा डेव्हिड ह्यूम, म्हणजे तत्त्वज्ञ ह्यूमचा त्याच नावाचा पुतण्या, १७८६ ते १८२२ प्राध्यापक होता. वर्गातल्या टिपणांवरून त्याची व्याख्याने स्कॉटने दोनदा स्वहस्ते लिहून काढली. वर्गातले ते टिपण, घरचे ते दोन्ही वेळचे लेखन म्हणजे प्रत. आपल्या शाळेतली कच्ची वही आणि पक्की वही, अगदी तसेच.