पोदेर यायच्या आत

प्रिय बाय,

तुझा मेसेज रात्री 1:40 चा होता. म्हणजे पोरगी दूध पिऊन नुकती झोपली असणार, नवरा घोरत असणार आणि तू एका हाताने टाइप करत असणार, कारण अर्ध्या शब्दांना काना-मात्राच नव्हत्या. "ताई, तुम्ही रनिंग, घर, मुलं, नोकरी सगळं कसं बॅलन्स करता?" असं विचारलंस. फोनवर सांगायला घेतलं तर मधेच कुकरच्या शिट्ट्या होतात नाहीतर कोणीतरी दारात येतं, म्हणून लिहितेय, लांबलं तर दोन-तीन हप्त्यांत वाच, पोरीला पाजताना.

आधी हे सांगते की बॅलन्स बिलन्स मला काही जमत नाही गो. चवथीच्या आठवड्यात मी शून्य किलोमीटर धावते. गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधायची, नेवऱ्या तळायच्या, पातोळ्यांना हळदीची पानं शोधायची, पाहुणे वेगळेच, त्यात मी पहाटे शूज घालून निघाले तर सासूबाई एक शब्द बोलणार नाहीत पण भांडी जरा जोरात वाजतील. आणि डिसेंबरात रेस असली की उलटं, तेव्हा घरात सलग तीन दिवस वरण-भात आणि तळलेला बांगडा, आणि इस्त्री कुणाच्याच कपड्यांना नाही. आठवडा कधी या बाजूला कलंडतो कधी त्या, बाहेरच्यांना लांबून ते सरळ दिसतं एवढंच.

मुलगा लहान होता तेव्हा माझा एकच नियम होता, पोदेर, म्हणजे आपला पाववाला, दारात यायच्या आत मी घरात. आमच्या वाड्यावर तो सव्वासहाच्या सुमारास भोंपू वाजवत यायचा. साडेपाचला निघायचं, फर्मागुडीच्या चढाला लागायचं, जिथवर पोचेन तिथून वळायचं आणि भोंपू ऐकू यायच्या आत फाटक उघडायचं. कधी चार किलोमीटर व्हायचे, कधी साडेचार. पण घरात सगळ्यांना माहीत होतं की पाव आले म्हणजे आई आली. माझा नवरा तारवटी, आठ-आठ महिने शिपवर, त्यामुळे "बाबा बघतील" हा पर्यायच नव्हता, सासूबाईंनाच विचारावं लागायचं. आणि मी एक चूक बरेच महिने केली, ती म्हणजे विचारलंच नाही, नुसती हळूच कडी काढून जायचे, चोरासारखी. त्यांना वाटायचं सून आपल्याला गृहीत धरते, मला वाटायचं यांना माझं धावणं खुपतं. एक दिवस सरळ म्हटलं, आई, मला चाळीस मिनिटं पाहिजेत, सोमवार, बुधवार, शुक्रवार, तुम्ही बघाल का त्याला? त्या म्हणाल्या बघते की, आधी सांगायला काय झालं होतं. झालं, एवढंच. तेव्हा तुझ्या नवऱ्याला "मदत करशील का" असं मोघम विचारू नकोस, वार आणि वेळ सांग, आणि तो वेळ त्याचा पोरीबरोबरचा असेल, तू परत आल्यावर "काय केलंस हे, डायपर उलटा लावलास" असं म्हणायचं नाही. उलटा तर उलटा.

आता जे खरं सांगायचंय ते सांगते. तुला वाटतं मी फार स्ट्राँग आहे. एक वर्ष असं होतं की मी आठवड्याला साठ-पासष्ट किलोमीटर धावत होते आणि लोक फोटोखाली अंगठे देत होते आणि मी आतून पार संपले होते. माझे बाबा गेले त्या वर्षी. अर्धांगाचा झटका, अकरा दिवस हॉस्पिटल, मग नाही. नवरा भर समुद्रात, तो बाराव्यालासुद्धा पोचू शकला नाही. मुलगी आठ वर्षांची, मुलगा तीनचा. मी रडले नाही, मी धावले. पोदेराचा नियम मोडला. आधी पाचला निघायचे मग साडेचारला, रविवारी पणजीला जाऊन मिरामार ते दोनापावल, नाहीतर रायबंदरचा तो जुना कॉजवे, पोर्तुगीजांनी 1630 च्या दशकात बांधलेला, एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला मांडवी, जवळजवळ तीन किलोमीटर नाकासमोर सरळ, कुठे वळायलाच नको. मला तेच पाहिजे होतं, न वळणारा रस्ता.

एक खूण तेव्हा कळली नाही, आता कळते. धावून फाटकापाशी यायचे, आतून मुलाचा आवाज यायचा, आणि मी घड्याळ बघायचे, 8.6 दिसायचं. मग राउंड फिगर करू म्हणून पुन्हा मागे वळायचे. 9 झाले की 10 करू. स्वतःच्या घराच्या फाटकापुढून मी दोन-दोन वेळा परत गेलेय बाय, आत जायला नको म्हणून. तू धावायला लागलीस की बाकी पेस बीस सोड, पण हे बघत जा. दमून फाटकाशी आल्यावर आत जावंसं वाटतंय का? एखाद्या दिवशी नाही वाटलं तर ठीक, सगळ्यांनाच होतं, पण रोजच नाही वाटलं तर तो प्रश्न शूजचा नाही.

आणि मुलीने काय केलं माहितीये? एकदा पहाटे माझा डावा शूज मिळेना. सगळं घर उलथंपालथं केलं, ओरडले, शेवटी जुने झिजलेले शूज घालून गेले तरी गेलेच. दोन महिन्यांनी सासूबाई उकडे तांदूळ काढायला गेल्या तर डब्याच्या तळाशी शूज. तिने लपवला होता. पण तोवर मला धावायची बंदी झालेली होती, नडगीला स्ट्रेस फ्रॅक्चर.

ते का होतं ते समजून घे, कारण तू अंगावर पाजतेयस आणि रात्री तुकड्या-तुकड्यात झोपतेयस, म्हणजे तू त्याच रांगेत उभी आहेस. धावताना हाडाला बारीक बारीक इजा होतच असते, शरीर ती झोपेत आणि खाल्लेल्यातून भरून काढतं आणि हाड उलट मजबूत होतं. पण झोप नाही, खाणं कमी, आणि किलोमीटर वाढतेच, तर दुरुस्ती मागे पडते आणि हाडाला चीर जाते. मी सकाळी काळी कॉफी पिऊन जायचे आणि आल्यावर मुलांच्या उरलेल्या पावाच्या कडा खायचे, ते माझं जेवण. पाळी चार महिने आली नव्हती, मला वाटलं बरं झालं कटकट गेली. ती खरं तर शरीराची नोटीस होती, की बाई, पैसे संपलेत, वरचे खर्च बंद करतोय. पहिल्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून काही नाही म्हटलं आणि वर "आता दोन मुलं झाली, हे शौक पुरे" हेही म्हटलं. सुरुवातीला ही चीर एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, नंतर एमआरआयमध्ये दिसली. त्या शौक शब्दाचा राग मात्र अजून गेलेला नाही.

आठ आठवडे घरात. तेव्हा बाबा गेल्याचं पहिल्यांदा कळलं मला. पाय वर करून बसायचे आणि एकदम रडू फुटायचं, कांदा चिरताना, सिरियल बघताना, कशावरही. सासूबाई कोकणीत म्हणाल्या, "रडपाक जाय जाल्यार रड गो, पूण पयलीं जेव." तेवढ्याने सगळं भागलं नाही, काउन्सेलरकडे पाच महिने गेले. लोक म्हणतात ना रनिंग इज माय थेरपी, मला ते वाक्य आवडत नाही. रनिंगने मूड सुधारतो हे खरंच, मी अनुभवलंय, पण माझ्या बाबतीत ते पेनकिलर झालं होतं, दुखतंय कुठे तेच कळू देत नव्हतं.

म्हणून तुझ्या मेसेजमधलं शेवटचं वाक्य मी सोडून देणार नाहीये. "कधी कधी वाटतं मी चांगली आई नाहीये, सगळं सोडून कुठेतरी निघून जावं." बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येतं, ते साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. तुझी पोरगी सात महिन्यांची आहे. ती जागी नसतानाही तुला झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, स्वतःचा सारखा राग येत असेल तर धावायच्या आधी डॉक्टरांना सांग. त्यासाठी दहा प्रश्नांची एक साधी प्रश्नावली असते, एडिनबर्ग स्केल म्हणतात, पाच मिनिटांत होते. रात्री दीड वाजता कोणी नसेल तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, फुकट. मलाही मेसेज कर, पण मी काही डॉक्टर नाही, आणि मी रात्री मेल्यासारखी झोपते.

बाकी तुझ्या शरीराचं. ब्रिटनमधल्या फिजिओंनी 2019 मध्ये बाळंतपणानंतरच्या धावण्यासाठी मार्गदर्शन लिहिलं, त्यात किमान 12 आठवडे धावू नका असं आहे. ते तुझे कधीच उलटलेत, पण नुसतं कॅलेंडर बघून चालत नाही. अर्धा तास भराभर चालून काही दुखता कामा नये, एका पायावर 10 सेकंद उभं राहता आलं पाहिजे, जागच्या जागी मिनिटभर जॉग जमला पाहिजे. आणि शिंकताना, उडी मारताना लघवी लिक होते का, ओटीपोटात खाली काहीतरी जड ओढल्यासारखं वाटतं का? लाजू नकोस, मला होत होतं, मी दोन वर्षं काळ्या पँटच वापरल्या. आपल्याकडे बायका "मुलं झाली की होतंच असं" म्हणून सोडून देतात. पेल्विक फ्लोअरचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे, व्यायाम शिकवणारी फिजिओ शोध, बऱ्याच जणींचं त्याने नीट होतं. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घे, कारण 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या 57 टक्के बायका ॲनिमिक निघाल्या होत्या, आणि दम लागतो तो आळशीपणाने की रक्त कमी म्हणून हे नुसतं बसून कळत नाही. शेजारीण सांगेल की धावलीस तर दूध आटेल. माफक व्यायामाने दूध आटत नाही, पण उपाशी धावलीस तर तू आटशील. पाजून मगच निघ, छाती भरलेली असताना धावणं काय असतं ते एकदा केलं की पुन्हा करत नाही कोणी. आल्यावर आधी नाचण्याचं तिजाण नाहीतर पेज, सोबत अंडं, मग आंघोळ, मग इतरांचे डबे. क्रम बदलायचा नाही.

ग्रुपवर ते फॉरवर्ड येतात ना, ते जरा सांभाळून वाच. पॉला रॅडक्लिफला जानेवारी 2007 मध्ये मुलगी झाली आणि नोव्हेंबरात तिने न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली, खरी गोष्ट. पण मधल्या काळात तिला पाठीच्या कण्यात खालच्या बाजूला स्ट्रेस फ्रॅक्चर झालं होतं, हे त्या फॉरवर्डमध्ये नसतं, आणि धावणं हा तिचा पेशा होता, तिला कोच होते, फिजिओ होते, सकाळी आठच्या कदंब बसने ऑफिसला पोचायचं नव्हतं. आपल्या बारामतीच्या लताबाई करे साठी ओलांडल्यावर नऊवारीत अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. सगळे प्रेरणादायी म्हणतात. मला ते बघून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्याच नाहीत, नवऱ्याच्या उपचारासाठी पैसे हवेत म्हणून एका बाईला त्या वयात रस्त्यावर धावायला लागतं, यात कौतुक तिचं आणि लाज आपली.

सुरुवात कर ती मिनिटभर धाव, दोन मिनिटं चाल अशी. बोलता बोलता धावता येईल एवढाच वेग, वाक्य तुटलं की चालायचं. आपल्याकडच्या दमट हवेत घाम सुकतच नाही, अंग थंड होत नाही, त्यामुळे पुण्याच्या मैत्रिणीच्या पेसशी तुलना करू नकोस, ती वेगळ्या हवेत धावते. एप्रिल-मेमध्ये साडेसहानंतर रस्त्यावर असायचं नाही, आणि आल्यावर मीठ घातलेलं सोलाचं सरबत. पावसात शूजमध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेव, बोळे बदलत राहिलीस तर सकाळपर्यंत बऱ्यापैकी सुकतात. कुत्री अंगावर आली तर पळायचं नाही, थांबायचं, नजर न देता चालत पुढे जायचं. कानात काही घालू नकोस. अजून बरंच आहे, ते धावता धावता सांगेन.

मुलगी आता कॉलेजला आहे. परवा मी तिला विचारलं, तुला तो तांदळातला शूज आठवतो का? म्हणाली आठवतो, मी दोन्ही लपवणार होते पण दुसरा डब्यात मावला नाही.

मी रविवारी पावणेसहाला फर्मागुडीला गोपाळ गणपतीच्या देवळापाशी असते. चालतच जाणार आहोत, चढ आहे. येणार म्हणून मेसेज करू नकोस, शनिवारी रात्र कशी जाते त्यावर आहे ते, मला माहितीये. पोरगीला घेऊन नवरा आला तरी चालेल, खाली हॉटेलात सकाळी भाजी-पाव छान मिळतो, तो बसेल. येताना एक सुका टी-शर्ट आण.

तुझी,
ताई