पहिल्यांदा स्टेक करताना
लोणी सुरुवातीलाच घालू नकोस. कडक आचेवर त्यातला दुधाचा अंश करपतो आणि सगळं कडू होतं. रिबआयचा, म्हणजे बीफच्या बरगडीजवळच्या मांसाचा, तुकडा इंचभर तरी जाड घे. ४० मिनिटं आधी मीठ लाव, मग कागदाने अगदी कोरडा पूस, नाहीतर मांस भाजण्याऐवजी वाफवलं जातं. बिडाचा तवा धुरावेपर्यंत तापव, थोडं तेल सोड. दोन्ही बाजू तांबूस झाल्या की आच कमी करून लोणी, ठेचलेला लसूण, थाइम या सुगंधी पाल्याच्या काड्या घाल. तवा कलता धर आणि फेसाळलेलं लोणी चमच्याने वर ओतत राहा. मला हाच भाग सर्वांत आवडतो, तो वास! मांसात खुपसायचा थर्मामीटर नक्की घे: मध्यभागी ५२ अंश सेल्सिअसला उतरव, आत गुलाबी राहील. वर लसूण आणि पार्सली (कोथिंबिरीसारखा पाला) मिसळलेल्या लोण्याची थंड चकती ठेव, पाच-सात मिनिटं थांब. कापायचं ते मांसाच्या धाग्यांना आडवं.