आयईटीएफ (इंटरनेटची तांत्रिक मानकं ठरवणारा गट) आपला आयकॅनमधला (डोमेन नावांचा कारभार पाहणारी संस्था) संपर्क प्रतिनिधी कसा निवडतो? सांगलीतून नाव देता येतं का?

येतं. आयईटीएफला सभासदत्वच नाही, त्यामुळे गाव आडवं येत नाही. निवडणूक होत नाही. आयईटीएफशी जोडलेलं इंटरनेट आर्किटेक्चर बोर्ड नावं मागवतं, स्वतःचं नावही देता येतं, मग अभिप्राय घेऊन बोर्डच ठरवतं.

आयकॅनच्या संचालक मंडळात मताधिकार असलेले 16 जण आणि मत नसलेले 4 संपर्क प्रतिनिधी. हा त्यांतला एक. चर्चेत बोलता येतं, कागदपत्रं मिळतात. पण आयईटीएफच्या वतीने परस्पर शब्द द्यायचा नाही, घोळ इथंच होतो. 2000 सालचं आरएफसी 2860 (आयईटीएफ आणि आयकॅन यांच्यातल्या कराराचा दस्तऐवज) नीट वाचा: प्रोटोकॉलच्या, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी बोलायच्या नियमांच्या, आकड्यांची नोंद आयईटीएफच्या निकषांवर, डोमेन नावांचं धोरण मात्र त्याबाहेर.

सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातून नुकतेच बाहेर पडला असाल, तर आधी आयईटीएफच्या एखाद्या कार्यगटात मसुदे तपासा. ओळख तिथंच होते.