आधी व्हिडिओ की आधी पुस्तक?

प्रश्न: मुलगी बी.ए.ला इंग्रजी साहित्य शिकते. मेरी शेली यांच्या 'फ्रँकेन्स्टाइन' या कादंबरीसाठी ती यूट्यूबवर 'थग नोट्स', 'क्रॅश कोर्स' असे गमतीदार व्हिडिओ पाहते. एवढ्यावर भागेल का?

उत्तर: सुरुवातीला फार उपयोग होतो, भागत मात्र नाही. 'थग नोट्स' काही मिनिटांत आधी कथानक सांगते, मग अर्थ उलगडते. त्यामुळे जुन्या इंग्रजीची भीती जाते. 'क्रॅश कोर्स'मध्ये जॉन ग्रीन यांनी या कादंबरीवर दोन भाग केले आहेत. तेही जरूर पाहावेत.

घोटाळा होतो तो सिनेमाच्या चित्रांमुळे. हिरवी कातडी आणि मानेतले खिळे कादंबरीत नाहीत. तिथे कातडी पिवळट आणि ओठ काळे आहेत. फ्रँकेन्स्टाइन हे व्हिक्टर या शास्त्रज्ञाचं आडनाव, त्यानं घडवलेल्या जिवाला नावच नाही. शिवाय सारांशात निवेदनाची रचना हरवते, आणि खरी गोडी तर तिच्यातच आहे: वॉल्टन या दर्यावर्दी संशोधकाच्या पत्रांत व्हिक्टरची कहाणी, तिच्या पोटात त्या जिवाची.

म्हणून आधी एकच व्हिडिओ पाहावा, मग वॉल्टनची चार पत्रं आणि पहिली पाच प्रकरणं वाचावीत. अकरा ते सोळा ही प्रकरणं अजिबात गाळू नयेत. तो जीव तिथे स्वतः बोलतो. दुसरा व्हिडिओ त्यानंतरच, आणि त्यातलं प्रत्येक विधान कोणत्या प्रकरणात सापडतं ते वहीत टिपावं.

प्रत १८१८ची की १८३१ची, हेही पाहा. पहिलीत एलिझाबेथ व्हिक्टरची आतेबहीण आहे, दुसरीत दत्तक घेतलेली अनाथ मुलगी. वरचे प्रकरण-क्रमांक १८३१च्या प्रतीचे आहेत.